पोरगं शांत झालं

अकोला
३० ऑक्टोबर २००६

पौर्णिमा,

आईनं खडीसाखरेच्या खड्यासोबत एक गोळी खलबत्त्यात टाकली आणि बत्ता फिरवला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. परवा सकाळची गोष्ट. मी दात घासत स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. तिची पाठ माझ्याकडे. पूड तिनं गाळलेल्या काढ्यात ढवळली, चमचा धुतला आणि मग हाक मारली, "बाबू, घे. गरम गरम पी."

यंदा चिकनगुनियानं आख्खं वऱ्हाड वाकवलं. घरोघर गुळवेल उकळून राहिली. आमच्याकडे ऑगस्टपासून सकाळी आणि दिवेलागणीला काढा. कडू जहर. त्यात आणखी काही कडू मिसळलं तर कोणाच्या बापाला कळणार? आई दुपारी देवळात गेली तेव्हा मी डबे उपसले. मेथीदाण्याच्या डब्यात पट्टी सापडली. अल्प्राझोलम, भीती मारून गुंगी आणणारी. थर्ड इयरला जिच्या नावानं तोंडी परीक्षेत माझी बोबडी वळली होती आणि तू मागच्या बाकावरून ओठ हलवून उत्तर सांगितलं होतंस, तीच.

कॉलेज सोडलेल्या फार्मसीच्या पोराला त्याच्याच आईनं तीन महिने ही गोळी पाजली आणि त्याला पत्ता नाही. हस. मीही हसलो असतो, पण किळस एवढी आली की मोरीवर जाऊन ओकलो.

शंका भाऊबीजेला आली होती. धामणगाव रेल्वेला ताईकडे गेलो. काढा इकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी हात कापायला लागले, डोळ्याला डोळा नाही, भाच्यांचे फटाके कानात खिळ्यासारखे. ताई म्हणे, "चिकनगुनिया झाला रे तुले." पण सांधा एकही दुखत नव्हता. घरी परतलो तर आईनं बॅगसुद्धा खाली ठेवू दिली नाही, आधी पेला. तासाभरात सगळं गार. एवढा गार की मला त्या गारव्याचीच भीती वाटली पाहिजे होती. पण भीतीच तर वाटत नव्हती! हीच तर त्या गोळीची कमाल.

आता सप्टेंबरची गोष्ट. तू मावशीकडे अकोल्याला आली होतीस, बसस्टँडजवळच्या आइस्क्रीमच्या दुकानात आपण बसलो. तू म्हणालीस, "घरचे नागपूरचं स्थळ पक्कं करून राहिले. तू काय म्हणतोस, सांग." आणि मी म्हणालो, "बरं आहे. कर." तू रडायला लागलीस. मी माझी कुल्फी संपवली. मग तुझी वितळून चालली होती, ती ओढून घेतली आणि तीही खाल्ली. पौर्णिमा, मला चव आठवते. पिस्त्याची होती. तुझा चेहरा आठवत नाही.

ही गोळी नवीन आठवण बसूच देत नाही, आपण शिकलो होतो ना? यंदा पोळा झाला की नाही, मला सांगता येणार नाही. वऱ्हाडातल्या पोराला पोळा आठवू नये!

सगळे म्हणत होते, पोरगं शांत झालं. शेजारीण म्हणे, सुधरला. बाबा कृषी केंद्राच्या गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, "आता दुकानात लक्ष घालते कुलदीप." मलाही वाटायचं, मोठा झालो आपण. तुझ्यावाचून राहता येतं. थू.

फोन तुझ्या दादाच्या हातात असतो म्हणून हे आपल्या वर्गातल्या साजिदच्या हातून पाठवतोय. "कर" म्हणणारा मी नव्हतो, एवढं वाच. आजपासून काढा बंद. एक थेंब नाही.

कुलदीप

•

अकोला
५ नोव्हेंबर, रविवार

पौर्णिमा,

अक्षर वाकडं आहे, सांभाळून घे. मध्ये दोन ओळी साजिदनं माझ्या सांगण्यावरून लिहिल्यात, ते त्याचं सुबक अक्षर. बाकी माझं.

एक थेंब नाही म्हटलं आणि खरंच घेतला नाही. पेला आईच्या देखत अंगणात ओतला, शेवग्याच्या बुडाशी. ती रिकामा पेला उचलून आत गेली. तिला माझा आरडाओरडा पाहिजेच होता बहुतेक, म्हणजे तिचं खरं ठरलं असतं. तिसऱ्या दिवशी मला भिंतीवरचा रंग ऐकू यायला लागला. असं कोणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण अंगावर मुंग्या, दातांत झिणझिण, बाहेर सायकलची घंटी वाजली तर मी पलंगावरून उडायचो. हात एकदा असा झटकला की ताट भिंतीवर.

साजिद आज दुपारी आला, तू माझं पत्र वाचलंस, एवढंच सांगायला. मला पाहिलं आणि बॅग खांद्यावरच.

"अबे, किती दिवस झाले बंद करून?"

"सोमवारपासून."

"येडा हाय का बे तू? अन् परीक्षेत काय लिहायचा? एकदम बंद केली तर काय होते?"

"झटके."

"मंग?"

"मंग काय! मी ती गोळी त्यायच्या हातची घेऊ?"

"माह्या हातची घे. मर पण फिट येऊन नको मरू, साल्या, लोकायले वाटन पोरीसाठी मेला."

त्यानं मेथीचा डबा आईकडून मागून घेतला. आईनं निमूट दिला. अर्धी गोळी, पाणी, मी. गिळताना जी शिसारी आली ती तुला कशी सांगू. ज्या घाणीतून बाहेर पडायचं, तीच घाण चमच्यानं मोजून खायची. तासाभरात भिंत परत भिंत झाली. माझं शरीर त्यांच्या बाजूनं झालंय, पौर्णिमा. डोकं माझ्या बाजूनं आणि शरीर त्यांच्या.

तेवढ्यात नत्थुजी मामा आला. आईचा भाऊ, एका दवाखान्यात कंपाउंडर, तोच या सगळ्याचा धन्वंतरी. पान खात पलंगावर बसला.

"काय भाच्या, कळलं म्हने तुले?"

"मामा, तुम्ही कोणाले विचारून दिली?"

"इचारायचं काय त्याच्यात? इख थोडीच हाय? झोपेचं टॉनिक हाय ते. बड्या बड्या साहेबायच्या बायका खातेत. तुले सुधरवला म्या, अन् तू मलेच डोळे दाखवतं?"

साजिद म्हणाला, "मामा, रोज दोन टाइम तीन महिने कोणता डॉक्टर देते?"

"तू शीक आधी, मंग सांग मले. म्या वीस वर्सं सुया टोचल्या."

मी उठलो होतो. खरं सांगतो, पानाच्या त्या लाल तोंडावर माझा हात पडणारच होता. आई मध्ये आली. आणि तिनं ते काढलं, जे मी तुला पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं.

"बाटली कोनं ठेवली होती रे टेबलावर? पिकावर फवारायची बाटली, दुकानातून आनून, मायासमोर? 'पौर्णिमा नाही तर हे' म्हने. तू ईसरला असशीन. म्या नाही ईसरली. तुया बापाच्या दुकानात भिंतभर त्याच बाटल्या हायेत. चावी कुठं कुठं लपवू? रात्रंदिवस तुया दाराबाहेर बसू? म्या गोळी नाही देली, बाबू, म्या झोप देली, तुलेही अन् मलेही."

मी म्हणालो की ते मी नुसतं म्हटलं होतं. रागात.

"पलीकडच्या आळीतल्या पोरानंही नुसतंच म्हटलं होतं," ती म्हणाली आणि पदर तोंडात धरून आत गेली.

यंदाच्या साली आमच्याकडे कोणी नुसतं म्हटलेलं नुसतं राहत नाही, हे मला कळायला पाहिजे होतं. तरी सांगतो, मला तिची दया आली नाही. मला तिच्या हातांचा वास येत होता, गुळवेलीचा, आणि तो वास मला सोसवत नव्हता.

कुलदीप

•

अमरावती ते अकोला, बसमध्ये
२६ नोव्हेंबर

पौर्णिमा,

तुझ्याच गावात येऊन गेलो आणि तुला भेटलो नाही. साजिदनं एका मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी ओरडायचं ते ओरडून घेतलं, मामाला नाही, मला! "पाच-सहा दिवस एकदम बंद ठेवलीस? शिकलेला ना तू?" आता उतरत्या पायऱ्या ठरल्या आहेत. अर्धी, मग पाव, मग पावाचा तुकडा. जानेवारी उजाडेल म्हणाल्या. माझ्या मिरच्या लागलेल्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, "राग आला ना? येऊ दे. त्याच्यावर गोळी नाही माझ्याकडे."

मी त्यांना विचारलं, माझ्या डोक्यात नेमकं काय झालं? पाठ केलेलं नको, समजेल असं सांगा. त्याच क्षणी लाइट गेली. लोडशेडिंग. त्या हसल्या, "हे बघ, हेच."

मेंदूत एक लाइनमन असतो म्हणे, गाबा नावाचं रसायन. कुठल्या गल्लीच्या फिडरवर भार वाढला की तो खटका पाडतो. भीती फार झाली, पाड खटका. विचार फार पळायला लागले, पाड खटका. हे रोजचंच, सगळ्यांच्या डोक्यात चालतं, म्हणून आपण झोपतो, नाहीतर सगळे रस्त्यावर ओरडत फिरलो असतो. गोळी स्वतः खटक्याला हात लावत नाही. ती लाइनमनच्या कानाशी बसून राहते, "पाड, अजून पाड, परत पाड." तो घडीघडी पाडतो. पेशीच्या दारातून क्लोराइड आत शिरतं, पेशी गप्प. आधी भीतीची गल्ली अंधारात जाते. मग आठवणींची. मग जिभेची, पायांची. आणि महिने लोटले की गाव शहाणं होतं, ज्यानं त्यानं आपापली सोय केलेली असते, तारांवर चोरीचे आकडे टाकलेले असतात. आता तो कानाशी बोलणारा एकदम उठून गेला तर? लाइनमनचं कोणी ऐकत नाही, सगळे आकडे चालू, सगळ्या तारा एकदम तापतात. भिंतीचा रंग ऐकू येतो तो असा.

तुला हे सगळं येतं. तरी लिहिलं. मला स्वतःला परत एकदा पाहायचं होतं, मी कुठे गेलो होतो ते.

आणि तुझी चिठ्ठी. साजिदनं दवाखान्याच्या बाकावर दिली. मी ती घडी करून ठेवली नाही, फाडून फेकली, पण शब्द पाठ झाले आहेत. "आईनं केलं ते घाणच आहे. पण प्रॅक्टिकलला काचेचं फनेल फेकलंस ते कोणत्या गोळीनं? माझ्या मनगटावर टाक्यांची खूण आहे, ती तुझ्या आईनं दिलेली नाही. गोळी सुटल्यावर परत तोच कुलदीप येणार असेल तर आत्ताच कळव. सतरा तारखेला साखरपुडा आहे, मी करून घेते."

वाचलं तेव्हा अर्ध्या गोळीवर होतो, म्हणून बाकावर बसून राहू शकलो. हाच विचार डोक्यातून जात नाही. तुझं खरं बोलणं मी नीट ऐकून घेतलं, ते मी ऐकलं की गोळीनं?

त्या प्रदीर्घ शांततेत मी तुझ्याशी वाईट वागलो. पण त्या आधीच्या रागात तुझं रक्त काढलं. वर्गातला एक पोरगा तुझ्याबद्दल वाईट बोलला, मी फनेल त्याच्याकडे भिरकावलं आणि काच तुला लागली. आणि घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, मी तिच्यासाठी कॉलेज सोडलं. किती घाणेरडं वाक्य आहे हे. वर्षभर मी ते छातीवर बिल्ल्यासारखं लावून हिंडलो.

काल आळीतली सुंदराबाई आईकडे आली होती. मी ओसरीवर. दबक्या आवाजात म्हणे, "आशाबाई, तुमच्या पोराले देता तो काढा मायाही सुनेले द्या ना. दिवसभर रडते, भांडते. तुमचं पोरगं कसं गायीवानी झालं." आई माझ्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, आता देते. ती म्हणाली, "तो काढा वाईट हाय, बाई. सुनेले इचारा काऊन रडते ते."

एवढंच तिच्या बाजूनं लिहितो. जास्त नाही.

मूर्तिजापूर आलं. इथं दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, जिनिंगच्या रांगेत, आणि वाऱ्यावर तंतू उडून खिडकीतून आत येतायत. एक नाकात गेला, शिंकलो आणि मला रडू आलं. कारण काहीच नाही. बाजूचा म्हातारा म्हणाला, "कापसाची धांस हाय, बाप्पा, डोळ्यातून पानी येतेच." मी म्हणालो, हो. हे कुठल्या फिडरचं असेल कोण जाणे, पण लाइट आली खरी.

कुलदीप

•

१६ डिसेंबर, शनिवार
बस बोरगाव मंजूच्या पुढे निघाली आहे

पौर्णिमा,

अमरावतीला साजिदच्या घरी, त्याच्या अम्मी रजियाबींच्या समोर, थोडा वेळ भेटते म्हणालीस. मी येतोय. हे पत्र हातातच देणार आहे, कारण तोंडातून काय निघेल त्याचा भरवसा नाही. मला पूर्ण कोरा होऊन यायचं होतं. एकही कण पोटात नसलेला, शंभर टक्के माझा मी. पण पायऱ्या अजून उरल्यात आणि तुझा साखरपुडा उद्या आहे. परवा ठरवलं होतं, उरलेली एकदम टाकून द्यायची, काय फिट यायची ती येऊ दे, प्रेमात माणूस एवढंही करत नाही का? गोळी हातात घेऊन मोरीशी उभा होतो. मग कळलं, हे तेच आहे. बाटली टेबलावर ठेवणं आणि हे, एकच. तुला परत माझ्या जिवाची धमकी द्यायची. तर आज सकाळी पाव गोळीचा तुकडा सगळ्यांसमोर घेतला आणि निघालो. तुझ्यासमोर बसेल तो थोडा गोळीतला, थोडा माझा. वेगळा करून देता येत नाही. तसाच पाहून घे.

आता काय म्हणायचंय ते लिहून टाकतो. नागपूरचं स्थळ कर, असं मी म्हटलं ते मागे घेतो. नको करू, असंही म्हणत नाही. मला तू पाहिजे, फार पाहिजे, इतकी की हे लिहिताना पेन कागदात घुसलं, पाहा. पण तू परत विचार, आणि मी मध्ये न ओरडता उत्तर देईन. मग तू ठरव. मनगटाची खूण दाखवलीस तर बघेन. तोंड फिरवणार नाही.

निघतानाचं सांगतो. तुला कळायला पाहिजे कोणत्या घरातून येतोय.

मामा ओसरीवर होताच. "कुठं चाल्ला राजा? पोरीच्या साखरपुड्याले? बाप्पा बाप्पा! नारळ घेतला का?"

बाबा दुकानातून आत आले. "कुलदीप, तमाशा नको करू. माझं नाव आहे अमरावतीच्या बाजारात."

मामा म्हणे, "अवो भाऊजी, नुसतं सांगून काय होते? ताई, आन."

आणि आई आली. हातात पेला. इतक्या दिवसांनी तोच वास, वाफेसकट. सुंदराबाईला तोंडावर नाही म्हणणारी माझी आई. आतून सगळं उफाळून वर आलं, एकही खटका पडला नाही, कोणीच पाडला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा मला माझा राग पूर्ण आला, टाळूपासून टाचेपर्यंत. मामाच्या नरड्याला धरावं, पेला त्या भिंतीवर, बाबांच्या दुकानातल्या बाटल्या एकेक...

"आजच्या दिवस घे, बाबू," आई म्हणाली. "आजचाच. तिथं तिनं नाही म्हटलं तर? मले भेव लागते रे."

"मलेही लागते, माय."

"मंग घे ना."

"लागू दे. तुलेही लागू दे, मलेही. मी परत येईन. बाटलीचं मी कधीच बोलणार नाही, नुसतंही नाही."

"खरं?"

"खरं म्हणूनच भेव लागून राहिलं."

मी पेला तिच्या हातातून घेतला. तिला वाटलं पितो, मामालाही वाटलं, तो गालातल्या गालात हसला. मी मोरीशी गेलो आणि ओतला. वास वर आला, मी नाक दाबलं नाही. पेला राखेनं घासला, विसळला आणि फळीवर पालथा ठेवला. हात एवढे कापत होते की पेला फळीवर खडखडला. मामा म्हणाला, "पाय, पाय, कसा थरथरते! गोळीबिगर टिकत नाही हा." तोंडात सतरा शिव्या होत्या, सगळ्या गरम. त्या तशाच ठेवल्या.

बाबांच्या पाया पडलो. आईच्या पडलो नाही, जमलं नाही, तिच्या हातांना अजून तो वास होता. पण तिच्याकडे पाहिलं. ती पाहत होती. पिशवी खांद्याला लावली, चपला पायात सरकवल्या, उंबरा ओलांडला, वळलो आणि कडी वाजू न देता दार लावून घेतलं.